दुसरं बुद्धिबळ

"माझो दुसरो खेळ खंय गेलो?" अप्पांनी लॅपटॉप शौनकच्या पुढ्यात आणून ठेवला.

शौनक त्यांचा मुलगा. पुण्याहून मालवणला आल्या आल्या लॅपटॉपच्या साफसफाईला लागला होता. "बाबा, एकच बुद्धिबळ दोनदा होतं. नाव तेच, चित्र तेच. एक काढून टाकलंय."

"एकच? मेल्या, पयलो माका उभो मारता. दुसरो माया लावन खेळता!"

शौनकचंही खोटं नव्हतं. लिनक्सच्या सॉफ्टवेअर स्टोअरात ते बुद्धिबळ दोन ठिकाणांहून आलेलं, म्हणून दोनदा मांडलेलं. अप्पांची बायको वारल्यावर पुतणी नीरजाने त्यांना दोन्ही घालून दिली होती आणि म्हणाली होती, "काका, तुम्ही आपले दुसऱ्यात खेळा."

पहिलं डोळ्याचं पातं लवेपर्यंत चाल करायचं. दुसरं विचार करायचं, चुकायचं, आणि दुपारी जेवणानंतर तर गप्पच बसायचं. मशीन तापत असेल, असं अप्पांचं मत. बायकोच्या माघारी आपल्याला ह्या दुसऱ्याने जगवलं, हे ते येईल त्याला सांगत.

नीरजा अप्पांच्या धाकट्या भावाची, सत्यवानाची मुलगी. सत्यवान वैभववाडीला. आईच्या श्राद्धाला कुणी कुणाला बोलवायचं, यावरून भावाभावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. नीरजा दोन्ही घरांत जायची, पण त्या विषयाला हात लावायची नाही.

अप्पांचा फोन जाताच ती संध्याकाळी हजर झाली. स्टोअरात पुन्हा तीच जुळी भावंडं शेजारी शेजारी.

"ह्यातलो आपलो खंयचो गो?"

"खालची बारीक अक्षरां बघा, काका. खंयसून इलो ता लिवलेला आसता." तिने नेमकं दुसरं घातलं, इंटरनेटवरून कसलीशी जोडणी करून दिली आणि चहा करायला आत गेली.

अप्पांनी उंटापुढचं प्यादं सरकवलं. ही त्यांची लहानपणापासूनची खोड. वडील त्यावरून कान पिळायचे.

उत्तर येईना. अप्पा पडद्यावरून नजर काढीनात. शौनकला आता खरंच वाईट वाटायला लागलं. एवढ्यात समोरचा घोडा हळूच पुढे आला.

"इलो रे इलो!" अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी लॅपटॉपला चक्क हात जोडले. "जेणी ह्यो केल्यान, तेचा बरा होवंदे."

नीरजाचा फोन टेबलावर वाजला. तिचे हात चहाच्या भांड्यांत अडकलेले. शौनकने तो उचलून स्पीकरवर टाकला. वैभववाडीहून सत्यवान बोलत होता.

"गो नीरजा, तुझो कॉम्प्युटर परत खेळाक लागलो गो! आणि मेल्यान पयलीच चाल उंटापुढच्या प्याद्याची केल्यान, अगदी आमच्या अप्पासारखी!"