नाव सांगायचं नाही

धुकं कड्यावरून उतरलं आणि अंगणात खेळणारी लेक दिसेनाशी झाली. जवळच तरस ओरडलं.

"पोरीचं नाव सांगा, बाई," तरसाच्या मागावर दारात आलेली भालेकरीण म्हणाली. तिचे सोबती भाले रोखून धुक्यात शिरत होते. "मी नावानं हाक मारली की माणूस माझ्याकडं खेचला जातो."

म्हणून तर गावानं या लोकांना वेशीबाहेर ठेवलं होतं. नाव त्यांच्या हाती गेलं, की जीवही गेला.

तरस पुन्हा ओरडलं, आता परसात. आईनं धुक्याकडं पाहिलं. "येसू," ती कशीबशी म्हणाली.

हाक घुमली. पोर धावत आली ती थेट भालेकरणीलाच बिलगली. आईनं दोन्ही हात पुढं केले.

भालेकरणीनं मिठी सोडवली, पोरीला आईच्या कडेवर दिलं आणि ती जायला वळली.

"तुझं नाव काय गं?" आईनं विचारलं.

गावातल्या कुणी तिला कधी नाव विचारलं नव्हतं; भालेकरणीनं भाला भिंतीला टेकवला आणि ती परत आईकडं वळली.