दुधीचा वाफा

बर्मिंगहॅममध्ये माणसांना घरं पुरेनात, म्हणून पालिकेने लोकांना भाजीपाला लावायला भाड्याने दिलेल्या बागांवर इमारती बांधायचं ठरलं. बुलडोझर आला तेव्हा बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेले मखलिसमियाँ आपल्या दुधीच्या वाफ्यात ठाण मांडून बसले. शेजारच्या वाफ्यातला म्हातारा केनही त्यांच्याजवळ येऊन बसला.

तेवढ्यात मियाँच्या मुलीचा, शेफालीचा, फोन आला. बुरशी धरलेल्या एकाच खोलीत ती लेकरांना घेऊन राहत होती.

"अब्बा, घर मिळतंय आम्हाला! तुमच्या बागेच्या जागेवर बांधतायत ना, त्यातलंच!"

मियाँ उठले. दुधीचा वेल त्यांनी आपल्याच हाताने मुळासकट उपटला.

"अरे मियाँ, हे काय करतोस?" केन ओरडला.

"गावचं शेत नदीने गिळलं, तेव्हा तिला पोटभर शिव्या तरी देता आल्या होत्या रे."