शेजाऱ्यांची तक्रार
सिद्रा कापडी पिशव्या शिवून विकायची. पाणी नासवणाऱ्याकडून कधीच कापड रंगवून घ्यायचं नाही, हा तिचा नियम. म्हणून खालापूरजवळच्या कारखान्याला काम देण्याआधी ती प्रश्नांचा फॉर्म घेऊन गेली. शेवटचा प्रश्न होता, शेजाऱ्यांची काही तक्रार? “एकपण नाय, जाऊन विचारा,” मालक म्हणाला. कारखान्यामागे सहा घरं होती, त्यांतल्या पाचांना कुलपं. सहाव्यातल्या सोनाबाईंनी तिला हाताला धरून बसवलं, विकतच्या बाटलीतलं पाणी दिलं. “विहिरीत रंग उतरला, तशी सगळी नेरळला गेली. माझी पोरंपण.” “मग तक्रार का नाही केलीत, आजी?” तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि कारखान्यातलं धडधडणारं मशीन थांबलं. सोनाबाईंनी कारखान्याकडे बोट दाखवलं. “त्याचाच काय तो आवाज हाय, पोरी. थांबलं की घर खायला उठतं. तू काम दिलंस तर ते रात्रीपण चालंल ना गं?”