चार काटक्या

"चार काटक्या?" मुलगा दारातच ओरडला. "जेवून गेलात ते आत्ता उगवताय, आणि आणलंत काय, तर चार काटक्या! बाबा, पुरे झालं आता. परवा गॅस येतोय. मग रानात पाऊल टाकायचं नाही."

बिचाऱ्याचं काही चुकत नव्हतं. त्याला आईबापाच्या गुडघ्यांची काळजी.

दुसऱ्या दुपारी म्हातारा-म्हातारी दोर घेऊन निघाले. झाडीत पोचताच त्याने दोर खाली टाकला आणि आडव्या पडलेल्या खोडावर तिच्यासाठी जागा झटकली. दोघं टेकून बसली. रोज अशीच बसायची. घर दोन खोल्यांचं. ती आत नातींजवळ झोपायची, तो बाहेर ओट्यावर. घरात बोलणं म्हणजे "जेवायला वाढलंय" आणि "येतो".

"संपलं म्हणायचं आपलं," ती म्हणाली.

"त्या गॅसचं वाटोळं होवो!"

ती खुदकन हसली. मग तिचे डोळे भरून आले. "अहो, उभा जन्म तुमच्यासोबत काढला, पण तुमच्याशी बोलायला लागले ती इथे. आता पुन्हा तोंडाला कुलूप."

त्याने तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि टाचेतला काटा शोधू लागला. काटा नव्हताच.

"आई..."

मागे सून उभी होती. "त्यांना झेपत नाही, जरा मदत कर," म्हणून नवऱ्यानेच तिला पाठवलं होतं. कधीपासून उभी होती, देव जाणे. म्हातारी धडपडत उठली आणि हाताला लागेल ती फांदी ओढू लागली.

"ओली आहे ती," सून म्हणाली.

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. सुनेने दोर उचलला आणि झाडीत गेली. आत काटक्या मोडल्याचा कडाकड आवाज येत राहिला. दोघं शिक्षेची वाट बघणाऱ्या पोरांसारखी खोडावर बसून राहिली.

सून परतली ती डोक्यावर भलीमोठी मोळी घेऊन. तिने ती त्यांच्या पायाशी टाकली.

"ह्यांना सांगते, गॅस आला तरी आंघोळीचं पाणी चुलीवरच तापवायचं. लाकडं मी गोळा करीन. पण रानात एकटीला मला फार भीती वाटते हो. सोबतीला तुम्ही दोघं रोज हवेत."

एवढं बोलून ती पुन्हा एकटीच दाट झाडीत शिरली.