वरच्या पाच तारा

बेचाळीस तारा लागल्या आणि हातातल्या सूर दाखवणाऱ्या यंत्राचा दिवा विझला.

त्याने यंत्र तळहातावर आपटलं, सेल काढून पुन्हा बसवले. विझला तो विझलाच. हार्प या उंच, उभ्या वाद्याच्या सत्तेचाळीस तारांपैकी वरच्या पाच, सगळ्यांत आखूड, लावायच्या राहिल्या होत्या. दारावरचा लाल दिवा लागला होता. म्हणजे पाच मिनिटांत श्रोते आत येणार.

दुसरा कुणी असता तर कानाने लावून मोकळा झाला असता. पण याला अकरा वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं. बायकोलाही नाही. हार्प वाजवणारी ती, सूर लावणारा तो. चाळीस वर्षं संसार असाच चालला होता. ती त्याला ‘अहो’ म्हणे, म्हणून सभागृहातली माणसंही त्याला गमतीने ‘अहो’च म्हणत, आणि तिला ‘बाई’. कान गेले म्हणून सांगितलं असतं, तर तिला दुसरा माणूस शोधावा लागला असता आणि हा घरी कुंड्यांना पाणी घालत बसला असता. तिच्या वाजवण्यापासून इतकं लांब राहणं त्याला झेपणारं नव्हतं. म्हणून त्याने काड्यापेटीएवढं ते काट्याचं यंत्र आणलं, ओठ वाचायला शिकला आणि सूर लावताना जवळ कुणी नको, असा नियम करून टाकला.

बाईंनी कटकट केली नाही. पूर्वी त्या समोर ठाण मांडून बसत. एखादी तार केसभर उतरली तरी म्हणत, “तुम्ही खुंट्या पिळा, मी तुमचे कान पिळते!” हल्ली अवाक्षर नाही. वयाबरोबर माणूस निवळतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

निवळल्या होत्याच. “त्या काठीवाल्या संचालकाच्या तालावर किती नाचायचं?” म्हणून वाद्यवृंद सोडला. शिकवण्या सोडल्या. आता एकटीचेच कार्यक्रम. वाद्य उजव्या खांद्यावर रेलवून घेतलं, गाल लाकडाला टेकवला, की लोक श्वास रोखून बसत.

दोघं बोलताना एकमेकांच्या तोंडावरून नजर हलवत नसत. पडदा ओढणारा म्हणायचा, “चाळीस वर्षं झाली, अजून नवी नवलाई!” हा नुसता हसायचा. नजर हलली तर बिंग फुटेल, हे त्यालाच ठाऊक.

आणि आज, दुपारी चार वाजता, तिचा शेवटचा कार्यक्रम.

त्याने डोळे मिटले, बोटाने तारांचा ताण चाचपला आणि उरलेल्या पाच तारा अंदाजाने लावल्या.

पडद्याआड तो तळवा रंगमंचाच्या फळ्यांवर टेकवून बसला. खर्जाच्या जाड तारांची थरथर तेवढी हाताला कळत होती. बाकी सगळं डोळ्यांनी. करंगळ्या सोडून आठ बोटं, पायांखाली सूर बदलणाऱ्या सात पट्ट्या, आणि मध्ये ती, शांत. एवढ्याशा अंगातून हे येतं कुठून, हे त्याला चाळीस वर्षांत उमगलं नव्हतं. आजही त्याचा ऊर भरून आला. तिची बोटं वरच्या तारांकडे गेली की मात्र तो तिचा चेहरा न्याहाळी. ती एकदाही अडखळली नाही.

शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं.

पडदा ओढणारा त्याच्यासमोर येऊन म्हणाला, “अहो, वरची एक तार चांगलीच उतरली होती की! तीन वेळा कानाला टोचली. पण बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली असेल तर शपथ! देवमाणूस आहेत.”

शेवटच्या दिवशी त्याने तिचं वाजवणं नासवलं होतं आणि तिने जगासमोर ते पोटात घातलं होतं. एवढं मोठं मन! आता लपवण्यात अर्थ नव्हता.

आतल्या खोलीत ती पाठमोरी उभी राहून हार्पवर खोळ चढवत होती. तोंडावर सांगायचा धीर त्याला झाला नाही. तो तिच्या पाठीशीच बोलला.

“अगं, अकरा वर्षं मला ऐकू येत नाही. आजची तार माझ्यामुळे उतरली. माफ कर.”

ती खोळीचे बंद बांधत राहिली. एक, दुसरा, तिसरा. मान वळवली नाही.

रागावली, त्याला वाटलं. रागावणारच.

मग ती वळली. डोळे काठोकाठ भरलेले. तिने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा आपल्याकडे धरला आणि तो तिचे ओठ वाचू लागला.

“अहो, आज शेवटचं वाजवून झालं, म्हणून सांगते. रागावू नका. नऊ वर्षं झाली, मला काही ऐकू येत नाही. तुमच्या कानांच्या भरवशावर वाजवत आले. सांगा ना, आज कसं झालं?”