शिक्का नसलेला दाखला

"शाई नाही, शिक्का नाही. यंत्रातून निघालेला असला कागद कोर्टाने मानू नये," मिलूद म्हणाला.

तामूच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याचा, बुशैबचा, चाळिसावा दिवसही अजून व्हायचा होता, ती विधवेच्या पांढऱ्या कपड्यांत उभी होती, आणि सावत्र मुलगा भर कोर्टात तिच्या लग्नाचा दाखला झिडकारत होता. वारस ठरली तरच सेत्तात शहरातल्या नवऱ्याच्या घरात तिचा हक्क राहणार होता. मिलूदच्या बहिणी घर विकायला टपूनच बसल्या होत्या.

"मग मानायचं काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"बारा साक्षीदार, जुन्या रिवाजाप्रमाणे. बाहेर बसलेत."

तामूने दाराबाहेर पाहिलं. हमामचा भट्टीवाला, खाटीक, चहाच्या दुकानात दिवसभर पत्ते कुटणारे रिकामटेकडे. तिची नजर पडताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. विकले गेलेत मेले, तिला वाटलं.

"लाज नाही वाटत रे? तुझी आई गेली तेव्हा या हातांनी तुला भरवलं. आणि माझं लग्न झालं होतं की नाही, हे आता तो भट्टीवाला सांगणार?"

"मावशी, ऐका माझं. जरा गप्प बसा."

"गप्प तुझ्या बहिणींना बसव!"

मागे कुणीतरी हसलं. तामू न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, सरकारी दप्तरातून काढलाय दाखला. सरकार काय खोटं बोलतं?"

"साहेब, आधी साक्षी घ्या," मिलूद घाईने म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"गरज नाही. सरकारी नोंदीच्या या नकलेला शिक्क्याच्या कागदाइतकंच वजन आहे. तिच्यापुढे तोंडी साक्ष टिकत नाही. फक्त मूळ नोंदीशी ताडून पाहावी लागते."

"ऐकलंस?" तामू मिलूदला म्हणाली. दफनानंतर पहिल्यांदाच तिची पाठ ताठ झाली होती.

कारकुनाने दाखल्यावरचा क्रमांक संगणकात घातला. मूळ नोंद पडद्यावर आली. न्यायाधीश वाचत गेले, थांबले, पुन्हा वाचू लागले.

"लग्नाची नोंद खरी आहे. पण खाली आणखी एक आहे. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याने एकट्याने येऊन तलाक नोंदवलाय." त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

तामूने मिलूदकडे पाहिलं.

"तुम्ही शेवटपर्यंत त्यांची बायको होतात," तो म्हणाला, "असं बाराही जण शपथेवर सांगणार होते, मावशी."