दगडू ऊर्फ गोमाजी

"परत वाच," शेवंती म्हणाली.

भावेशनं कपाळाला हात लावला. "अगं आत्या, त्यात वाचण्यासारखं काय आहे? अंगठा द्यायचाय फक्त. चार वाजता वकिलाचा माणूस येतोय कागद न्यायला."

"अंगठा माझा हाय ना? मग वाच."

ठाण्याजवळच्या बाळकुममधल्या एका टॉवरच्या बाराव्या मजल्यावर, भावेशच्या हॉलमध्ये गोमाजीची पत्र्याची पेटी उघडी पडली होती. गोमाजी म्हणजे भावेशचा बाप, शेवंतीचा भाऊ. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून पेटीला कुणी हात लावला नव्हता. आता गरज पडली, म्हणून लावला. आत जाळं विणायची सुई, होडीचं लायसन, एका काडीचा चष्मा. आणि अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन घड्या घालून ठेवलेला शाळेचा दाखला. तिसरी पास, साल एकोणीसशे पन्नास. जात, हिंदू कोळी.

हाच कागद हवा होता. भावेशच्या मुलीच्या, दक्षताच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा आणा म्हणून सांगितलेलं, आणि त्यापायी तो चार महिने ठाण्यात खेटे घालत होता. कोळीवाड्यात जन्मलेल्या माणसाला विचारतात, तू कोळी कशावरून? दहा वेळा विचारलं की माणूस स्वतःच विचारात पडतो. सोमवारी पुरावा गेला नाही तर दक्षताची फार्मसीची सीट जाणार होती. रडून, पाया पडून काही उपयोग नव्हता.

घोळ एकच होता. दाखल्यावर नाव होतं दगडू दामाजी.

भावेशला त्याचं काही विशेष वाटलं नाही. पोरं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू असलं काहीतरी ठेवायचे, म्हणजे नजर लागत नाही, एवढं त्याला माहीत होतं. बाबांचं लहानपणचं नाव असेल. वकील तर म्हणाला, रोजचंच आहे हे. प्रतिज्ञापत्र करू, नावं दोन, माणूस एक. घरातल्या थोरल्या माणसाचा अंगठा आणा, झालं.

त्यानं परत वाचलं. "दगडू दामाजी आणि गोमाजी दामाजी ही एकाच व्यक्तीची दोन नावे असून, सदर व्यक्ती माझा सख्खा भाऊ होय."

"एक नाय," शेवंती म्हणाली. "दोन व्हते."

स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलेली दक्षता दारातच थांबली.

"आयेची पयली दोन पोरं पाळण्यातच गेली," शेवंती म्हणाली. "म्हणून तिसऱ्याचं नाव दगडू. दगडाला कोण नेतंय? त्याच्या पाठीवर गोमाजी, मग मी. गोमाजी बापाबरोबर होडीवर जायचा. दगडूला आय पाण्याला शिवू द्यायची नाय. जपायची ना! त्याला शाळेत घातला. कोळ्याचा पोर, पण पोहायला येत नव्हतं त्याला. खाडीच्या चिखलात निवट्या मासे पकडायला गेलता, भरती कवा चढली ते कळलंच नाय."

भावेशनं दाखल्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"आय ऊर बडवून घ्यायची. म्हणायची, मीच दगड नाव ठेवला, दगडासारखा गेला तळाला. घरात नाव काढलं की ती जेवायची नाय. मग आमी नावच टाकलं. गोमाजीनं कागद ठेवलान, ते मना पण ठाव नव्हतं."

भावेश खुर्चीत बसला. वंशावळ आधीच दिलेली होती, शपथेवर. तिच्यात दामाजीला एकच मुलगा. आता दुसरा घालायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि तारीख मिळणार दिवाळीनंतरची. चार महिन्यांचा शीण एकदम अंगावर आला. पंचाहत्तर वर्षांपूर्वी मेलेल्या त्या पोराचा त्याला राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली.

"आता काय करायचं ते तूच सांग, आत्या," तो म्हणाला. "माझं डोकं चालत नाही."

"राहू दे ना, पप्पा," दक्षता म्हणाली. तिनं चहा टीपॉयवर ठेवला. "आजी, तू नको देऊ अंगठा. मी पुढच्या वर्षी भरते फॉर्म. एका वर्षानं काय होतंय?"

"काय व्हतंय?" शेवंती कडाडली. इतकी, की तिला खोकला आला. "शानी हायस! तो बी पुढच्या वर्सी चवथीत जाणार व्हता."

दक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तोंड फिरवलं.

"आन ती शाई," शेवंती भावेशला म्हणाली.

त्यानं डबी उघडली. तिचा वाळका अंगठा धरून शाईत टेकवला, कागदाच्या खालच्या कोपऱ्याशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. त्याला तो दाबवेना. शेवंतीनं त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःच अंगठा दाबला, चांगला जोर देऊन.

मग ती उमटलेल्या ठशाकडे बघत राहिली.

"एकदा आयेनं बुडवला त्याला," ती म्हणाली. "आज मी."